ओरा वॉशिंग्टन : जिला सामनाच नाकारला गेला

'खेळात जात, वर्ण काही नसतं, तिथे फक्त मेरिट चालतं' असं ठासून सांगणाऱ्यांना एक नाव विचारून पाहा : ओरा वॉशिंग्टन. बहुतेकांना ते माहीत नसेल. का माहीत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

ओराचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ती फिलाडेल्फियाला आली आणि तिथे टेनिस खेळू लागली. पण गोऱ्यांच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या स्पर्धांची दारं तिला बंद होती. कृष्णवर्णीयांनी रडत न बसता 1916 मध्येच स्वतःची 'अमेरिकन टेनिस असोसिएशन' उभी केली होती. तिथे ओराने 1929 ते 1935 सलग सात वेळा आणि 1937 मध्ये पुन्हा एकदा एकेरीचं विजेतेपद जिंकलं. दुहेरीत तर सलग बारा वर्षं. शिवाय बास्केटबॉलमध्येही ती आपल्या काळातली अव्वल खेळाडू होती.

त्याच काळात गोऱ्या अमेरिकेची सम्राज्ञी होती हेलन विल्स. दोघींचा सामना कधी झालाच नाही. मग हेलन देशात सर्वश्रेष्ठ होती हे ठरवलं कोणी?

हा योगायोग नव्हता. 1929 मध्ये रेजिनाल्ड वेअर आणि जेराल्ड नॉर्मन या कृष्णवर्णीय तरुणांना राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत खेळू दिलं नाही. एनएएसीपीने जाब विचारला, तेव्हा संघटनेने हे आपलं धोरणच असल्याचं सांगितलं.

हे धोरण पुढे अल्थिया गिब्सनसाठी मोडलं. 1957 मध्ये अल्थियाने विम्बल्डन जिंकलं. पण तोवर ओराची उमेद संपून गेली होती. जिंकून पोट भरत नव्हतं. ती लोकांच्या घरी घरकाम करून जगली. 1971 मध्ये ती वारली. त्यानंतर काही वर्षांनी तिला 'ब्लॅक ॲथलीट्स हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं, तेव्हा ती हयात नाही हे आयोजकांनाही ठाऊक नव्हतं. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने तिची दखल घेतली ती 2018 मध्ये.

मेरिट मोजायचं तर आधी सगळ्यांना मैदानात उतरू द्यावं लागतं. अर्ध्यांना दाराबाहेर ठेवून जिंकलेल्या चषकाला मेरिट म्हणत नाहीत, मक्तेदारी म्हणतात. म्हणून पुढच्या वेळी कोणी विक्रमांची यादी तोंडावर फेकली, तर एवढंच विचारा : या यादीत येण्याची परवानगी कोणाकोणाला होती?