'ब्रेक' या शब्दाची वंशावळ : सी भाषेतील नियंत्रण-प्रवाहाचा इतिहास

आज्ञावलीतील ओळी वरून खाली, लिहिलेल्या क्रमाने पार पाडणे हा संगणकाचा मूळ स्वभाव होय. हा क्रम अटीनुसार वळविणे, काही ओळी पुन्हा पुन्हा करविणे किंवा मधूनच बाहेर पडणे यास नियंत्रण-प्रवाह म्हणतात. प्रश्नाचे प्रकार पाडून प्रत्येकासाठी वेगळी रीत सांगण्याची पद्धत संगणकाहून फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी 'अल्-जब्र'वरील ग्रंथात समीकरणांचे ६ प्रकार मानून प्रत्येकाची उकल स्वतंत्र दिली. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला, हे अनेक अध्यापक वर्गात अभिमानाने सांगतात. मात्र सी भाषेतील इफ, स्विच, ब्रेक यांचा पूर्वेतिहास सहसा सांगितला जात नाही. आणि नवशिका विद्यार्थी अडखळतो तो तेथेच.

१९५७ च्या फोरट्रानमधील इफ आजच्या विद्यार्थ्याला ओळखूही येणार नाही. राशी ऋण, शून्य की धन एवढेच पाहून ते तीनपैकी एका क्रमांकाच्या ओळीकडे धाडीत असे. अल्गोल ६० ने 'इफ-देन-एल्स' ही वाक्यासारखी रचना रूढ केली. मराठीचे जर-तर-नाहीतर, उर्दूचे अगर-तो-वरना. सी भाषेत 'देन' उरला नाही; अट कंसात बंद झाली की 'तर' वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे वाद पेटला तो गोटूवरून. क्रम, निवड व आवर्तन या तिहींवर कोणतीही आज्ञावली उभी राहू शकते, असे बोम व याकोपिनी यांनी १९६६ मध्ये दाखविले. मार्च १९६८ मध्ये डायक्स्ट्रा यांचे गोटूविरुद्धचे पत्र छापून आले; त्याचे गाजलेले शीर्षक मात्र संपादक निक्लाउस व्हिर्ट यांचे होते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली. तिच्यात व्हाइल, फॉर, स्विच आले, आणि गोटूही राहिला.

ब्रेकची कथा अधिक बोधक आहे. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल, तिच्यावरून केन थॉम्प्सन यांची बी आणि बीवरून सी, अशी ही वंशावळ. बीसीपीएलमध्ये स्विचमधून बाहेर पडण्यासाठी 'एंडकेस' हा स्वतंत्र शब्द होता. परंतु बेलच्या मंडळींनी १९६० च्या दशकात ती भाषा आत्मसात केली तेव्हा तो शब्द तिच्यात आलेला नव्हता. त्यामुळे आवर्तन थांबविणाऱ्या ब्रेकवरच स्विचचेही काम पडले. ही जाणीवपूर्वक केलेली निवड नव्हती, अशी नोंद खुद्द रिची यांनी १९९३ मध्ये केली आहे. एकाच शब्दाकडे दोन कामे, आणि तो ज्याच्या आत सहज लिहिला जातो त्या इफशी त्याचा काहीच संबंध नाही!

याची किंमत सीच्या माहेरीच मोजावी लागली. बेल प्रयोगशाळा तेव्हा ज्या ए.टी. अँड टी. कंपनीची होती, तिचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी-जाळे १५ जानेवारी १९९० रोजी सुमारे ९ तास विस्कळीत झाले. न्यूयॉर्कमधील एक स्विचिंग यंत्र थांबून पुन्हा सुरू झाले. त्याचे संदेश पोहोचताच इतर यंत्रेही थांबू व सुरू होऊ लागली, आणि हा संसर्ग जाळ्यातील ११४ यंत्रांत पसरला. दोष नुकत्याच बदललेल्या सी आज्ञावलीत सापडला. डू-व्हाइलच्या पोटात स्विच, स्विचच्या केसमध्ये इफ, आणि त्या इफमध्ये ब्रेक. ब्रेकने नियमाप्रमाणे थेट स्विचबाहेर नेले व केसमधील उरलेले काम राहून गेले. भाषांतरक यंत्रणेच्या दृष्टीने आज्ञावली शुद्धच होती. पाठ्यपुस्तकांत ब्रेक बहुधा साध्या फॉरच्या उदाहरणाने उरकला जातो. वर्गात ही तिहेरी घडण फळ्यावर मांडून 'आता कोठे जाईल?' असे विचारणे अधिक उपयोगी ठरेल.

महिरपी कंसांचेही असेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या सुरक्षा-आज्ञावलीतील 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे उघड झाले. इफला महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळ समासावरून इफच्या आत वाटे, पण ती अटीबाहेर पडली आणि पुढची पडताळणी कायमची वगळली गेली.

बीचे कर्ते थॉम्प्सन यांनी सहकाऱ्यांसह घडविलेली गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात केस आपोआप संपते. पुढच्या केसमध्ये उतरायचे असल्यास 'फॉलथ्रू' असे लिहावे लागते. सी भाषेत जुना नियम कायम आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ प्रमाणात मात्र ब्रेक मुद्दाम गाळला आहे, हे सांगणारी त्याच नावाची खूण मिळाली आहे.