टापांचे खड्डे आणि चेंडूची उसळी

आज आपल्याला बोलायचंय ते आझाद मैदानाबद्दल, आणि ओघानं क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज या त्याच्या भावंडांबद्दल. सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. ही जागा मोकळी राहिली ती मुंबईकरांच्या हवेची किंवा खेळाची कुणाला काळजी होती म्हणून नाही. ती तोफांसाठी मोकळी ठेवली होती.

१७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं, व्यापाऱ्यांनी त्याला वर्गणी दिली. पुढे फ्रेंचांची धास्ती. शत्रू चालून आला तर त्याला आडोसा मिळू नये, तोफेचा मारा थेट बसावा, म्हणून तटाबाहेरची घरं आणि माडांच्या बागा पाडून जमीन सपाट केली. हे एस्प्लनेड. म्हणजे आज जिथे आपण उद्यान, मैदान, मोकळी हवा असे शब्द वापरतो, तिथे मुळात कुणाची तरी घरं होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तटबंदीच पाडली. तट गेला, मोकळी जागा उरली. रस्त्यांनी तिचे तुकडे पाडले, आणि त्याचीच आजची चार मैदानं झाली.

आता या जागेवर खेळायला कोण आलं? सोजिरांचं क्रिकेट बघून बघून पारशांची पोरं. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. मग हिंदू आले, पण कसे आले बघा: गौड सारस्वत क्रिकेट क्लब, क्षत्रिय क्रिकेट क्लब! खेळ विलायती, संघ मात्र जातवार. यातल्या कुणाकडे स्वतःची जमीन नव्हती. कॅम्पाशेजारच्या परेड ग्राउंडवर जागा मिळेल तिथे स्टंप ठोकायचे.

१८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांचं स्वतःचं क्रिकेटचं मैदान होतं, राखलेलं, रोलर फिरवलेलं. पण त्यांना पोलोही खेळायचा होता. पोलो कुठे खेळायचा? तर या पोरांच्या परेड ग्राउंडवर. घोड्यांच्या टापांनी हिरवळीची चाळण व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर चेंडू टाकायचा. खड्ड्यावर पडलेला चेंडू कुठे उसळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. ज्यांनी गल्लीत क्रिकेट खेळलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शापूरजी सोराबजी नावाचे एक पारशी क्रिकेटपटू यावर गप्प बसले नाहीत. १८८१ साली शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मला या भांडणातला त्यांचा युक्तिवाद फार आवडतो, कारण तो रडका नाही, हिशोबी आहे. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो तरुणांचा खेळ का बुडवायचा? आणि पोलोनं जमीन खराब होत नसेल, तर हे घोडे जिमखान्याच्या स्वतःच्या क्रिकेटच्या मैदानावर का नाही नेत? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सरकारनं पोलो कूपरेजकडे हलवला. जिमखानेवाल्यांनी कुरकुर केली, आणि घोडे परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा वर्तमानपत्रांत पत्रं. असं वर्षानुवर्षं चाललं. शापूरजींनी १८९७ मध्ये या झगड्यावर पुस्तकच लिहिलं.

मधल्या काळात पारशी संघ १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडला जाऊन आला. जानेवारी १८९० मध्ये तर व्हर्ननच्या इंग्लिश संघाला पारशांनी मुंबईत हरवलं, तेही जिमखान्याच्या मैदानावर. खड्ड्यांवर सराव केलेले हे लोक, सपाट खेळपट्टी मिळाल्यावर काय, मजाच!

पण तोडगा निघाला तो कसा? समुद्रात भराव घालून तयार केलेल्या केनेडी सी-फेसवर पारशांना जिमखान्यासाठी जागा मिळाली. ती मिळाल्यावर हिंदूंनी मागितली, मुसलमानांनी मागितली, आणि लॉर्ड हॅरिसच्या कारकिर्दीत त्यांनाही मिळाली. आजही मरीन ड्राइव्हवर हे जिमखाने जवळजवळ उभे आहेत. हॅरिसला पुष्कळ जण भारतीय क्रिकेटचा पोशिंदा म्हणतात. मला ते पटत नाही. मागणी होती सगळ्यांच्या मैदानावरून घोडे हटवण्याची. हातात पडले ते धर्मवार वाटलेले भूखंड. पुढे त्यावरच हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ एकमेकांविरुद्ध खेळले, ते थेट १९४६ पर्यंत.

आणि त्या कुंपणांच्या आतही कुंपणं होतीच. पळवणकर बाळू, त्या काळातले आपले सर्वांत मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. विकेट त्यांच्या चालत, कप चालत नसे. मुंबईत हिंदू जिमखान्याकडून ते वर्षानुवर्षं खेळले, संघाचे आधार होते, तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

परेड ग्राउंडचं काय झालं? स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांनी त्याचं आझाद मैदान केलं. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला, लाला अमरनाथनं शतक ठोकलं. १९८८ मध्ये दोन शाळकरी पोरांनी, तेंडुलकर आणि कांबळीनं, ६६४ धावांची भागीदारी केली, ती आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात. हो, तोच हॅरिस.

आज मैदानाचा एक भाग आंदोलनांसाठी राखून ठेवलेला आहे. राज्यभरातून माणसं अर्ज घेऊन तिथे येतात आणि सतरंज्या टाकून बसतात. उरलेल्या भागात एकात एक गुंतलेले कितीतरी सामने चालू असतात. एका सामन्याचा मिडविकेट दुसऱ्याच्या कव्हरला पाठ लावून उभा, आणि चेंडू कुणाचा हे ओरडून विचारावं लागतं. दक्षिणेच्या टोकाला जिमखाना अजून आहे, कुंपणासकट.