नव्या यंत्रात जुने यंत्र : एका युक्तीची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, सेलू, गंगाखेड यांसारख्या तालुक्याच्या गावी संगणक आला तो प्रामुख्याने विद्येचे साधन म्हणून. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पुरा करून त्याचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जास जोडणे ही तेव्हा तरुणांची आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांची निकड होती. खेळ मात्र त्या विद्येच्या पाठोपाठ, संगणकविषयक मासिकाबरोबर मिळालेल्या अथवा औरंगाबादेहून कोणी आणलेल्या सीडीच्या रूपाने, भारनियमनाच्या वेळा सांभाळीत घरात शिरला. त्या पिढीतील कित्येकांच्या कपाटात अशी एखादी सीडी अद्याप जपून ठेवलेली आढळते. परंतु नव्या संगणकांना सीडी घालण्याची सोय बहुधा नसते, आणि बाहेरून उपकरण जोडून ती वाचली तरी खेळ सुरू होईल याची शाश्वती नसते. ही अडचण निवारण्याची युक्ती आज विनामूल्य उपलब्ध आहे. ती खेळासाठी जन्मलेली नाही. तिचे मूळ हिशेबाच्या कचेरीत आहे, आणि ते जाणून घेतल्यावाचून तिचे खरे मोल ध्यानात येत नाही.

उदाहरणादाखल 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' ही खेळमालिका घेऊ. अमेरिकेतील न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग या संस्थेचे जॉन व्हॅन कॅनेघम यांनी 1990 साली 'किंग्ज बाउंटी' हा खेळ रचला, त्याच्याच बीजातून 1995 साली या मालिकेचा पहिला खेळ उगवला, 1996 साली दुसरा आला, आणि 1999 साली आलेल्या तिसऱ्याने जगभर जी लोकप्रियता मिळवली ती आजही ओसरलेली नाही. किल्ले बांधावे, सोने आणि लाकूड यांचा साठा करावा, आठवडा पालटताच गोटात दाखल झालेली नवी फौज सेनानायकाच्या हाताखाली द्यावी, आणि षट्कोनी घरांच्या रणांगणावर पाळीपाळीने चाल करीत शत्रूची पथके निकामी करावी, असा हा धीराचा खेळ आहे. त्यातील सैन्ये कल्पितसृष्टीतील आहेत. तिसऱ्या खेळातील एका नगरीत तर अरबी कथांतील जिन आणि आपल्या पुराणांतील नाग एकाच तटबंदीआड नांदतात. पाळीपाळीने फौजा हलविण्याच्या या रीतीचा पूर्वज आपल्या भूमीस अपरिचित नाही. ज्याच्या राज्यात हा गोदातीरीचा मुलूखही मोडत होता त्या कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, राजाच्या विनोदांचे वर्णन करताना, चतुरंगासही सविस्तर जागा दिलेली आहे.

परंतु चतुरंगाचे भाग्य वेगळे होते. त्याचा पट कापडाचा असो वा लाकडाचा, मोहरे हस्तिदंताचे असोत वा मातीचे, नियम ठाऊक असलेली दोन माणसे एकत्र बसली की तो खेळ नव्याने उभा राहतो, आणि म्हणूनच राज्ये बुडाली तरी तो 'मानसोल्लास'नंतरही आठ-नऊ शतके अखंड चालत आला. संगणकावरील खेळाचे नियम माणसाच्या स्मरणात नसतात. ते एका विशिष्ट यंत्राला, त्या यंत्राच्या भाषेत, दिलेल्या लक्षावधी आज्ञांच्या रूपाने असतात, आणि ते यंत्र काळाच्या ओघात नाहीसे झाले की आज्ञा जशाच्या तशा शिल्लक असूनही त्या पाळणारा कोणी उरत नाही. त्याची लक्षणे अनेक प्रकारची दिसतात. 64-बिट विंडोजने 16-बिट आज्ञावल्या चालविणे बंद केल्यामुळे, खेळ स्वतः 32-बिट असूनही त्याची मांडणी करणारी आज्ञावली जुन्या जातीची निघाल्यास पहिल्याच पायरीवर काम अडते. सीडी अस्सल आहे की नक्कल याची तपासणी करणारी सेफडिस्क ही व्यवस्था सुरक्षिततेच्या कारणास्तव विंडोज 10 मधून वगळण्यात आल्याने अस्सल सीडीही निरुपयोगी ठरते. आणि तिसऱ्या 'हीरोज'चे चित्र 800 गुणिले 600 बिंदूंच्या चौकटीत कायमचे बांधलेले असल्याने आजच्या रुंद पडद्यावर ते ताणले तरी जाते किंवा मधोमध आखडून बसते.

या व्याधीवरील औषधाचा मूळपुरुष शोधू गेल्यास 1936 सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने आपल्या सुप्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले की, एखाद्या यंत्राच्या वर्तनाचे पूर्ण वर्णन दुसऱ्या एका सर्वसमर्थ यंत्रास पुरविले, तर ते दुसरे यंत्र पहिल्याचे सर्व काम हुबेहूब करू शकते. हा सिद्धान्त व्यवहारात उतरविण्याची निकड मात्र व्यापारी जगाला भासली. आयबीएमचा 1401 हा 1959 साली जाहीर झालेला संगणक हिशेबाच्या कामी इतका रूढ झाला की त्याचे दहा हजारांहून अधिक नग तयार झाले. आपल्याकडेही मुंबईतील एस्सो या तेलकंपनीच्या कचेरीत 1961 साली तो येऊन दाखल झाला होता. पुढे 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टिम/360 ही सर्वस्वी नव्या घडणीची यंत्रमाला जाहीर केली, तेव्हा ग्राहकांची पृच्छा साधी आणि रास्त होती : पगारपत्रके, विम्याचे हप्ते आणि मालाच्या नोंदी यांसाठी वर्षानुवर्षे खपून लिहविलेल्या आमच्या आज्ञावल्यांचे काय? हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने काही महिने अगोदरच आपले 200 हे यंत्र पुढे आणून, 1401 च्या आज्ञावल्यांचे रूपांतर करून देणारी 'लिबरेटर' ही आज्ञावलीही त्यासोबत देऊ केली होती, त्यामुळे हा प्रश्न टाळणे आयबीएमला शक्य नव्हते. तिच्या अभियंत्यांनी नव्या यंत्राच्या अंतर्भागातील सूक्ष्म आज्ञांची अशी रचना केली की, हुकूम होताच ते यंत्र 1401 प्रमाणे वागू लागे, आणि जुन्या हिशेबाच्या आज्ञावलीला आपण परक्या घरी आलो आहोत याची जाणीवही होत नसे. एम्युलेटर म्हणून आज ओळखली जाणारी युक्ती येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर रोजगारास लागली.

खेळांच्या जगात तिची गरज पडावयास आणखी काही दशके आणि एक नवे यंत्र लागले. ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या अंतरंगात इंटेलची 8088 ही चकती, म्हणजे प्रोसेसर, सेकंदास 47 लक्ष 70 हजार ठोक्यांच्या गतीने चाले. त्याच वंशातील पेंटियम ही चकती 1993 साली आली, आणि जिच्या निर्मितीचे नेतृत्व पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी केले त्या चकतीवर कोट्यवधी खेळाडूंची रात्र सरली. डॉस ही त्या यंत्रांची जुनी कार्यप्रणाली विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी मागे सारली, तेव्हा पीटर व्हीन्स्ट्रा आणि शुर्ड व्हान डर बर्ग या दोन डच तरुणांनी 2002 साली 'डॉसबॉक्स' ही आज्ञावली लोकांच्या हाती दिली. ती नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाची संपूर्ण प्रतिकृती उभी करते : त्याची मध्यवर्ती चकती, 640 किलोबाइटांची त्याची तुटपुंजी मूळ स्मृती, त्याचे चित्रपटल, आणि साउंड ब्लास्टर हे त्याचे ध्वनिकार्ड. खेळाची एकेक आज्ञा उचलावी, तिचा अर्थ लावावा, ती पार पाडावी आणि पुढची घ्यावी, ही तिची मूळ रीत. आणि एखादा भाग वारंवार येत असल्यास त्याचे नव्या यंत्राच्या भाषेत एकदाच रूपांतर करून ते हाताशी ठेवावे, ही तिची सुधारलेली रीत.

तथापि या कामी सर्वांत नाजूक गोष्ट आहे ती काळाची. जुन्या खेळांच्या रचनाकारांनी यंत्राची गती गृहीत धरूनच आपली आखणी केली होती, त्यामुळे हजारपट वेगाच्या यंत्रावर त्यांतील दृश्ये डोळ्यांना दिसण्याआधीच संपून जातात. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते, आणि त्यांच्या नावाशी जाते कायमचे निगडित आहे. त्या जात्यावरची ओवी ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली आहे त्यांना हे सहज उमगेल की तिची लय दगडाच्या फेऱ्याला बांधलेली असते, आणि पिठाच्या गिरणीने ते जाते घराबाहेर काढले तेव्हा ओवीचा आधारच निघून गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, म्हणून त्यांतील शब्द आणि गळा वाचला. डॉसबॉक्स खेळाच्या बाबतीत याहून एक पाऊल पुढे जाते : ती त्याला त्याचा फेराच परत देते. एका मिलिसेकंदात किती आज्ञा पाळावयाच्या याचे प्रमाण तीत खेळाडूला ठरविता येते, साध्या जातीच्या जुन्या खेळांसाठी ते आरंभी 3000 धरलेले असते, आणि ते कमीअधिक करीत गेले असता एका क्षणी पडद्यावरील घोडेस्वार पूर्वीच्याच चालीने चालू लागतो.

याच कुळाची दुसरी शाखा 'वाइन' या नावाने 1993 साली सुरू झाली. ही शाखा मध्यवर्ती चकतीचे अनुकरण करीत नाही. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली कार्यप्रणालीकडे जी जी मागणी करते, खिडकी उघड, धारिका वाच, आवाज काढ, ती ती मागणी मध्यस्थाच्या नात्याने स्वीकारून ती लिनक्ससारख्या वेगळ्या प्रणालीच्या भाषेत रुजू करते. त्यामुळे नव्या विंडोजला जो खेळ रुचत नाही तो पुष्कळदा विंडोज नसलेल्या संगणकावर सुरळीत चालतो.

तिसरी शाखा सर्वांत धाडसी आहे, आणि तिची आवश्यकता का पडली हे 'हीरोज' मालिकेच्या मालकीच्या इतिहासावरून कळते. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग 1996 साली थ्रीडीओ या कंपनीच्या ताब्यात गेली, 2003 साली थ्रीडीओचे दिवाळे वाजले, आणि मालिकेचे हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 13 लक्ष डॉलरला विकत घेतले. 2015 साली युबिसॉफ्टने तिसऱ्या खेळाची नव्या पडद्यांस साजेशी आवृत्ती काढली तेव्हा तीत केवळ मूळ खेळ होता. त्याच्या दोन विस्तारांची मूळ आज्ञासंहिताच उरली नसल्याने ते तीत समाविष्ट करता आले नाहीत. ज्यांच्याकडे हक्कांची कागदपत्रे होती त्यांच्याकडे कृतीचे मूळ बाड नव्हते, ही गोष्ट विषाद वाटण्याजोगी आहे. पण त्याहून हुरूप देणारी गोष्ट अशी की 2007 पासूनच काही खेळप्रेमी मंडळी, कोणत्याही वेतनाची अपेक्षा न धरता, 'व्हीसीएमआय' या नावाने त्या खेळाचे संपूर्ण यंत्र नव्याने लिहीत होती. दुसऱ्या खेळासाठी 'एफहीरोज2' ही तशीच योजना चालू आहे. या दोन्ही योजना चित्रे, संगीत आणि नकाशे आपल्या अस्सल प्रतीतून घेतात, आणि नियमांची अंमलबजावणी स्वतः करतात. म्हणून त्या आजच्या संगणकावरच काय, खिशातील फोनवरही चालतात. चतुरंगाचे नियम जसे मोहऱ्यांपासून सुटे झाले होते, तसेच या खेळाचे नियमही येथे प्रथमच आपल्या जन्मयंत्रापासून मुक्त झाले.

परभणीतील ज्या गृहस्थाच्या कपाटात ती सीडी आहे त्याला यावरून आपला मार्ग ठरविता येईल. खेळ डॉसचा असल्यास डॉसबॉक्स घ्यावी. विंडोजचा असल्यास प्रथम त्यासाठी नवी आज्ञावली लिहिली गेली आहे काय ते पाहावे, नसल्यास वाइनचा अवलंब करावा. आणि सीडी वाचता येते तोवरच तिची प्रतिमा संगणकात उतरवून घ्यावी. कायद्याचीही त्यास अनुकूलता आहे, कारण 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीर रीतीने बाळगणाऱ्यास, नाश किंवा नुकसान यांपासून संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत करण्याची मुभा दिलेली आहे. सीडीच नष्ट झाली असेल तर 2008 साली पोलंडमध्ये सुरू झालेल्या जीओजी या दुकानातून असे पुष्कळ जुने खेळ डॉसबॉक्स जोडूनच विकत मिळतात, आणि इंटरनेट आर्काइव्हने जानेवारी 2015 मध्ये डॉसचे सुमारे 2400 खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे खुले केले. तरीही 2023 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात कोणत्याही रूपाने मिळत नाहीत असे आढळले. यावरून जे वाचले ते किती थोडे आहे याची कल्पना येईल.

आणि येथे हा विषय खेळापुरता राहत नाही. ज्या वर्षांत हे खेळ जन्मले त्याच वर्षांत मराठीनेही संगणकात प्रवेश केला. कानपूरच्या आयआयटीत आरंभ होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट हे कार्ड डॉसच्या यंत्रात बसवून देवनागरी लिहिली जाऊ लागली, 1991 साली इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमान ठरले, आणि त्यानंतर युनिकोड रूढ होईपर्यंत नाना खाजगी अक्षरसंचांतून कचेऱ्यांची पत्रे, छापखान्यांची पुस्तके, पतसंस्थांचे अहवाल आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध टंकले गेले. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर तोच मजकूर आज उघडला तर रोमन अक्षरे आणि खुणा यांची अर्थशून्य सरमिसळ समोर येते. अडचण तीच आहे : अक्षरे आहेत, त्यांना वाचणारे यंत्र नाही. खेळाडूंनी आपल्या आवडीच्या ओढीने वीस-पंचवीस वर्षे जी विद्या घोटून पक्की केली, ती या दप्तरालाही तितकीच लागू पडते, आणि तिला लागणारा खर्च एखाद्या जिल्हा ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयालाही पेलण्यासारखा आहे. 1964 साली ही युक्ती हिशेबाच्या वह्या वाचविण्यासाठी कचेरीत निपजली, खेळाडूंच्या घरी ती वयात आली, आणि आता तिला मराठी कागदपत्रांच्या कामी रुजू करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. त्यासाठी लागणारे कौशल्य लहानपणी जुना खेळ चालू करण्यासाठी धडपडलेल्या आपल्याच मुलामुलींच्या अंगी आहे. ज्या संस्थांच्या कपाटांत ती जुनी दप्तरे पडून आहेत, त्यांनी या मुलांना बोलावून ते काम विश्वासाने त्यांच्या स्वाधीन करावे.