कावेरीत सोडून दिलेला मासा

मार्च १९४६ मध्ये म्हैसूरच्या मुलखात, कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीवर, व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाच्या गळाला १२० पौंडांचा महाशीर मासा लागला. वाघांमध्ये पेंढा भरण्यात जगभर नाव कमावलेलं हे घराणं! त्या काळी पकडलेला मासा पाण्यात परत सोडायचा, ही कल्पनाच कुणाला रुचली नसती.

सत्तरच्या दशकापर्यंत सुरुंग लावून मासे मारल्याने कावेरीचे डोह उजाड होत आले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतातल्या वन्यजीव संघटनेने नदीचा एक पट्टा भाड्याने घेऊन राखायला सुरुवात केली. पुढे भीमेश्वरीला गळाच्या मासेमारीचा सरकारी तळ उभा राहिला. गळ टाकायचा तर मासा सोडावाच लागेल, ही इथली अट होती. पूर्वी चोरून मासे मारणारेच पाहुण्यांचे वाटाडे झाले. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावायचा आणि गोल टोपलीवजा होडीतून माशामागे जायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला जमणार?

खरी परीक्षा मासा हाती आल्यावर. झुंजीत त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास कोंडतो. म्हणून जाणता माणूस गळ पाण्यातच सोडवतो आणि प्रवाहाकडे तोंड करून मासा धरून ठेवतो. शेपटीत जोर आला की हात सैल करायचा. फोटोच्या हौसेपायी एवढा वेळ थांबणंही अनेकांना जड जातं.

कावेरीकाठच्या अशा तळांवर पकडलेल्या माशांच्या नोंदी होत. इथल्या कावेरी अभयारण्यातली गळाची मासेमारी २०१२ मध्ये बंद झाली, तेव्हा नोंदवह्या संशोधकांच्या कामी आल्या. त्यांतून निघालेलं चित्र विचित्र होतं. निळ्या पंखांचे महाशीर वाढत गेले होते आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला होता.

हा निळ्या पंखांचा पाहुणा मूळचा आपल्याकडचा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास झाली. तिथली बोटुकली नद्या समृद्ध करण्याच्या चांगल्या हेतूने दूरदूर गेली, कर्नाटकातही. हेतू चांगला होता, पण आधी त्या पाण्यात कोण राहतं हे पाहायला हवं होतं.

कुबडवाल्याला शास्त्रीय नाव मिळायला २०१८ उजाडलं: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला.