पाच रंगांचे वीर: सेंताई मालिकांची पन्नास वर्षे

५ एप्रिल १९७५ रोजी, शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता, जपानच्या एनईटी वाहिनीवर ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. लाल, निळ्या, पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या पोशाखांतले पाच जण, चेहरा पूर्ण झाकणारी त्यांची हेल्मेट आणि ‘काळा क्रूस’ नावाच्या सेनेने दर आठवड्याला पाठवलेला नवा राक्षस, एवढी या मालिकेची मांडणी होती. सेंताई म्हणजे लढाऊ तुकडी. तोएई या चित्रपट कंपनीने पुढची पन्नास वर्षे याच मांडणीवर मालिका काढल्या आणि त्या सगळ्या ‘सुपर सेंताई’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. जपानबाहेर बहुतेकांना त्या ‘पॉवर रेंजर्स’ या अमेरिकी रूपात माहीत आहेत. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेल्या या मालिका मोठेपणी पुन्हा लावल्या, की राक्षसाच्या रबराला पडलेल्या घड्या दिसतात, कोसळणारे शहर टेबलाएवढे असल्याचे कळते आणि प्रत्येक भागाची गोष्ट एकच आहे हे लक्षात येते. हसू आणणाऱ्या यातल्या बहुतेक गोष्टींना ठोस कारणे होती. वाहिनीची गरज, खेळण्यांचा व्यापार, चित्रीकरणाची पद्धत आणि चार-पाच वर्षांच्या प्रेक्षकाची नजर यांतून त्या एकेक करून घडत गेल्या.

गोरेंजरच्या जन्माला वाहिन्यांमधली फेररचना कारणीभूत ठरली. चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांनी कल्पिलेली आणि तोएईने काढलेली ‘कामेन रायडर’ ही मुखवटाधारी नायकाची मालिका १९७१ पासून गाजत होती. ती ओसाकाच्या एमबीएस वाहिनीची होती आणि एनईटीच्या जाळ्यातून देशभर दिसे. मार्च १९७५ च्या अखेरीस एमबीएसने एनईटीची साथ सोडून टीबीएसशी जोडून घेतले. कामेन रायडर तिच्याबरोबर गेला आणि एनईटीची शनिवारची वेळ रिकामी झाली. ती भरण्यासाठी निर्माते तोरू हिरायामा आणि इशिनोमोरी यांनी एका नायकाच्या जागी पाच नायक उभे केले. हीच एनईटी १९७७ पासून टीव्ही आसाही झाली.

पाच जणांमुळे कामांची वाटणी आली. लाल पुढारी, निळा त्याचा तोलामोलाचा साथीदार, पिवळा अंगाने भरदार आणि कढीभाताचा, म्हणजे जपानी ‘करी राइस’चा, भोक्ता, हिरवा सर्वांत लहान आणि गुलाबी ही स्फोटकांत तरबेज असलेली एकमेव स्त्री. कोणाची भूमिका काय आहे, हे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही रंगावरून कळे. खेळताना प्रत्येकाला आपापला रंग निवडता येई. लढाईआधी पाचही जण एकेक करून आपले नाव गर्जून सांगत आणि शेवटी एका रांगेत ठाकत. या प्रकाराचे मूळ काबुकी रंगभूमीवर दाखवले जाते. कावाताके मोकुआमी यांच्या १८६२ च्या नाटकात पाच चोर ओळीने उभे राहून याच रीतीने आपली ओळख करून देतात. शत्रूही त्याच थाटाचे होते. त्यांत एकाचे डोके बेसबॉलचे, तर एकाचे आगगाडीच्या इंजिनाचे होते. ही मालिका ८४ भाग चालली आणि मार्च १९७७ मध्ये संपली.

रूपांतराच्या वेळी हातांनी काढायची ठरावीक मुद्रा कामेन रायडरकडून आली. त्या मालिकेचे नायक हिरोशी फुजिओका १९७१ मध्ये चित्रीकरणात मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाले. त्यांच्या जागी दुसरा रायडर आणताना निर्मात्यांनी त्याला एक मुद्रा दिली. मुलांनी ती लगेच उचलली आणि तेव्हापासून अशा मालिकांना मुद्रा चिकटली ती कायमची.

गोरेंजरनंतरची ‘जॅकर देन्गेकिताई’ अवघ्या ३५ भागांत आटोपली आणि १९७८ मध्ये सेंताईची एकही नवी मालिका आली नाही. त्याच वर्षी तोएईने अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीशी झालेल्या करारानुसार स्पायडरमॅनची जपानी आवृत्ती काढली. मूळ कथेत नसलेली एक गोष्ट तिने घातली: या स्पायडरमॅनकडे लिओपार्डन नावाचा अवाढव्य यंत्रमानव होता. जपानमध्ये धातूच्या यंत्रमानवांची खेळणी १९७४ पासून जोरात खपत होती आणि बान्दाईची उपकंपनी पॉपी त्या धंद्यात आघाडीवर होती. लिओपार्डनचे खेळणेही उत्तम खपले. फेब्रुवारी १९७९ मध्ये मार्व्हलशी असलेल्या त्याच कराराखाली ‘बॅटल फीव्हर जे’ आली, तेव्हा सेंताईच्या तुकडीलाही यंत्रमानव मिळाला. १९८० च्या ‘देन्जिमान’मधला यंत्रमानव विमानाचे रूप सोडून माणसाचे रूप घेऊ लागला. काही वर्षांतच अनेक वाहने जोडून एक यंत्रमानव बनवण्याची पद्धत रुळली.

प्रत्येक भागाची गोष्ट एकच का असते, याचे उत्तर इथे मिळते. राक्षस माणसाच्या उंचीचा असताना पाचही जण त्याला हरवतात, म्हणजे पोशाख आणि शस्त्रे दिसतात. मग तो इमारतीएवढा होतो आणि वाहने जोडून यंत्रमानव उभा राहतो, म्हणजे सर्वांत महाग खेळणे दिसते. वर्षाच्या मध्यावर दुसरा यंत्रमानव येतो आणि पुढे दोन्ही मिळून तिसरा होतो. १९९२ च्या ‘झ्युरेंजर’पासून पाच जणांत सहावा वीर सामील होण्याची प्रथा पडली आणि त्याच्याबरोबर नवी शस्त्रे, नवे वाहन दुकानात येऊ लागले. मालिका साधारण वर्षभर चाले. नव्या वर्षी नवी तुकडी, नवे पोशाख आणि नवी खेळणी येत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या मुलालाही पुन्हा खरेदी करावी लागे.

चित्रीकरणाच्या रीतीनेही बरेच काही ठरवले. चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमुळे पडद्यावरचे तरुण कलाकार आणि लढणारे कसलेले साहसपटू ही दोन वेगळी माणसे असू शकत. सोनी चिबा यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या जपान अ‍ॅक्शन क्लबने असे अनेक साहसपटू पुरवले. काझुओ नीबोरी यांनी गोरेंजरपासून पुढे कित्येक मालिकांत लाल वीराचा पोशाख चढवला आणि त्यांना ‘मिस्टर रेड’ हे टोपणनाव मिळाले. गुलाबी पोशाखात अनेकदा पुरुषच असत. हेल्मेटमधून चेहरा दिसत नाही आणि आवाज नंतर भरला जातो. म्हणून बोलणाऱ्या वीराला मान जोरात हलवावी लागते, मूठ आवळावी लागते, बोट रोखावे लागते. मोठ्यांना खटकणारे हे हातवारे म्हणजे कोण बोलतो आहे हे दाखवण्याची एकमेव सोय असते. लघुप्रतिमांची शहरे आणि यंत्रमानवांचे प्रसंग नोबुओ याजिमा यांच्या विशेष दृश्यांच्या संस्थेकडे असत. वाहने जोडली जाण्याचे दृश्य एकदाच चित्रित करून दर आठवड्याला वापरले जाई, त्यामुळे खर्च वाचे. मोठे स्फोट वस्तीपासून दूर हवेत, म्हणून तोचिगी प्रांतातल्या इवाफुने डोंगरावरच्या जुन्या दगडखाणीत तुकड्या वारंवार जात. वेगवेगळ्या वर्षांच्या मालिकांत तेच उघडे कडे दिसतात ते यामुळे.

हा साचा ठरीव असला तरी त्यात बदल होत राहिले. १९८४ च्या ‘बायोमान’मध्ये पहिल्यांदा तुकडीत दोन स्त्रिया आल्या. १९९१ च्या ‘जेटमान’मध्ये लेखक तोशिकी इनोए आणि दिग्दर्शक केइता आमेमिया यांनी प्रेमाचा त्रिकोण, मत्सर आणि मृत्यू आणले, आणि ओसरत चाललेल्या सेंताईला नवा श्वास मिळाला. २००९ च्या ‘शिन्केन्जर’मध्ये काही भागांपुरती का होईना, लाल पोशाखात स्त्री दिसली. २०२२ च्या ‘दोन्ब्रदर्स’मध्ये गुलाबी वीर पुरुष होता.

जपानबाहेर या मालिका आधी मूळ रूपातच गेल्या. फ्रान्समध्ये बायोमान १९८५ पासून दिसू लागली आणि इतकी रुजली, की तिथे नंतरच्या मालिकाही त्याच नावाने ओळखल्या गेल्या. ब्राझीलमध्ये १९८८ पासून ‘चेंजमान’ने तीच जागा घेतली. अमेरिकेत मात्र दार उघडेना. मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी १९८१ ची ‘सन वल्कन’ अमेरिकी वाहिन्यांना विकण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. निर्माते हाइम सबान यांनी १९८६ मध्ये बायोमानवर एक नमुना भाग बनवला. त्यालाही अनेक वर्षे नकार मिळत राहिले. अखेर फॉक्स किड्सच्या प्रमुख मार्गारेट लोश यांनी होकार दिला. मार्व्हलमध्ये असताना स्टॅन ली यांच्यामुळे या मालिका त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ सुरू झाली. तिचे अर्थशास्त्र सोपे होते. हेल्मेट घातलेल्या लढाया आणि यंत्रमानवांची दृश्ये झ्युरेंजरमधून घ्यायची आणि हेल्मेटशिवायचे प्रसंग कॅलिफोर्नियात चित्रित करायचे. झ्युरेंजरमध्ये डायनासोरांच्या काळातले योद्धे प्रदीर्घ झोपेतून जागे होतात. अमेरिकी गोष्टीत त्यांच्या जागी एंजल ग्रोव्ह गावातली शाळकरी मुले आली. जोडकाम लपत नव्हते. जपानी मालिकेत पिवळा योद्धा पुरुष होता, अमेरिकेत ती ट्रिनी नावाची मुलगी झाली. म्हणूनच गुलाबी पोशाखाला झालर आहे आणि पिवळ्याला नाही. चेटकीण रीटाच्या बहुतेक दृश्यांत जपानी अभिनेत्री माचिको सोगा आहेत, आवाज मात्र अमेरिकी अभिनेत्रीचा आहे. काळा पोशाख कृष्णवर्णीय कलाकाराला आणि पिवळा आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला देण्यावर पुढे टीका झाली. झ्युरेंजरची दृश्ये संपत आली, तेव्हा सबान यांनी तोएईकडून आणखी लढाया खास चित्रित करून घेतल्या. दुसऱ्या वर्षी आलेल्या पांढऱ्या वीराचा पोशाख ‘दाइरेंजर’मधला होता आणि मूळ मालिकेत तो एका लहान मुलाकडे होता. नाताळच्या खरेदीत या मालिकेची खेळणी दुकानांत पुरेनाशी झाली. याउलट, कलाकारांचे मानधन तुटपुंजे होते. दुसऱ्या वर्षात त्यावरून तिघांनी मालिका सोडली.

यशाबरोबर आक्षेपही आले. १९९४ मध्ये कॅनडाच्या प्रसारण मंडळाने मालिकेतली हिंसा नियमाबाहेर ठरवली, न्यूझीलंडमध्ये तिचे प्रसारण थांबले आणि नॉर्वेत एका मुलीच्या मृत्यूनंतर वाहिनीने ती मागे घेतली. मलेशियात ‘मॉर्फिन’ हा शब्द अमली पदार्थाच्या नावासारखा वाटतो म्हणून हरकत निघाली. डिस्नेने २००१ मध्ये हक्क घेतल्यावर चित्रीकरण न्यूझीलंडलाच हलले आणि २००३ पासून मालिका तिथेच बनू लागली. २०१० मध्ये सबान यांनी हक्क परत घेतले आणि २०१८ मध्ये ते खेळण्यांच्या हॅस्ब्रो कंपनीने विकत घेतले. रोख आणि समभाग मिळून हा व्यवहार ५२ कोटी २० लाख डॉलरचा होता.

भारतात तोएईचा परिचय सेंताईआधीच झाला होता. १९६७-६८ मधली तिची ‘जायंट रोबो’ ही २६ भागांची मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर इंग्रजी संवादांसह दिसली. २००० च्या दशकात टून डिस्ने वाहिनीच्या जेटिक्स या विभागात पॉवर रेंजर्सची ‘एसपीडी’, ‘मिस्टिक फोर्स’ यांसारखी पर्वे हिंदीत आली. महाराष्ट्रातल्या मुलांच्या त्या पिढीने हे वीर हिंदीतच ऐकले.

पहिले प्रेक्षक मोठे झाले, तसा त्यांच्यासाठी वेगळा व्यवहार उभा राहिला. जपानमध्ये १९९७ पासून सेंताई रविवारी सकाळी दिसू लागली आणि मुलांबरोबर आईवडीलही ती पाहू लागले. देखण्या तरुण कलाकारांमुळे मातांचा वेगळा चाहतावर्ग तयार झाला. शिन्केन्जरमधून आलेले तोरी मात्सुझाका आणि २०१४ च्या ‘तोक्युजर’मधले र्‍युसेइ योकोहामा पुढे मोठे अभिनेते झाले. २०११ च्या ‘गोकाइजर’मध्ये नवी तुकडी आधीच्या ३४ तुकड्यांची रूपे घेऊ शके. मुलांना त्या रूपांची नवी खेळणी मिळाली आणि मोठ्यांना जुने वीर पुन्हा भेटले. २०१२ च्या ‘अकिबारेंजर’ने रात्री उशिरा, प्रौढांसाठी, सेंताईच्या सगळ्या ठराविक खुणांची थट्टा केली. २०१९ मध्ये एनएचकेने ‘तोकुसात्सु गागागा’ ही मालिका दाखवली. तिची नायिका अशा मालिकांचे वेड कार्यालयातल्या सहकाऱ्यांपासून लपवणारी नोकरदार तरुणी आहे. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या मालिकेच्या तिसाव्या वर्षी नेटफ्लिक्सवर ‘वन्स अँड ऑल्वेज’ आली आणि पहिल्या तुकडीतले काही कलाकार पुन्हा पोशाखात दिसले. तिच्या कथेचा मध्य ट्रिनीचा मृत्यू हा होता. ती भूमिका करणाऱ्या थुई ट्रांग २००१ मध्ये रस्ते अपघातात गेल्या होत्या.

२०२३ च्याच सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘कॉस्मिक फ्युरी’ या पर्वात संपूर्ण तुकडीसाठी पहिल्यांदाच अमेरिकी निर्मात्यांनी स्वतःचे पोशाख घडवले. यंत्रमानवांची दृश्ये मात्र जपानी मालिकेतलीच होती. जपानमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेली ‘गोझ्युजर’ ही पन्नासाव्या वर्षाची मालिका ठरली. तिच्यातही लाल वीर, पाच जणांची तुकडी, वाढणारा राक्षस आणि जोडला जाणारा यंत्रमानव हे सगळे आहे. यातली तुकडी आणि रंग १९७५ मध्ये आले आणि यंत्रमानव चार वर्षांनी. सेंताईचा साचा १९८० च्या आसपास पुरा झाला आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला तो नव्या पोशाखात मिळत गेला.