आडनाव नसलेल्यांची आडनावं

दुसऱ्याच्या आडनावात नाक खुपसायची मला जुनी खोड आहे. मराठी माणसाला ती परकी नाही. नवा माणूस भेटला की 'आडनाव काय?' आणि ते कळलं की लगेच 'म्हणजे मूळचे कुठले?' त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या बातमीत पिल्ले, मूडली, गोवेंडर अशी मंडळी दिसली, की माझं लक्ष बातमीवरून उडालंच म्हणून समजा.

आता गंमत बघा. तमिळ माणसाला आपल्यासारखं आडनाव नसतंच. स्वतःच्या नावाआधी बापाचं आद्याक्षर लावलं की काम झालं. पुढच्या पिढीत आद्याक्षरही बदलणार. कुठल्याही कारकुनाचं डोकं फिरायला एवढं पुरे!

मद्रासहून निघालेलं 'ट्रुरो' जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी ३४२ माणसं घेऊन दरबानला लागलं. नाताळच्या उसाच्या मळ्यांत ही माणसं कराराने राबणार होती. १९११ पर्यंत अशी दीड लाखावर माणसं हिंदुस्थानातून तिकडे गेली. नोंदवहीत प्रत्येकाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात. पुढे आडनावाची गरज पडली तेव्हा कुणी बापाचं नाव लावलं, कुणी जातीची पदवी. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं ते कागदावर उतरलं. मुदलियारांचे मूडली झाले, गौंडरांचे गोवेंडर, पिळ्ळैंचे पिल्ले.

अर्थ मात्र थेट आपल्या माजघरापर्यंत येतात. 'पिळ्ळै' म्हणजे मूल. आपलं पिल्लू त्याच घरचं. 'मुदल' म्हणजे पहिला, म्हणून मुदलियार म्हणजे पुढारी माणूस. शिवाय व्याजाने दिलेली मूळ रक्कमही 'मुदल'च. आपलं मुद्दल आठवलं ना?

पण या मुद्दलाचा हिशेब उलटाच लागला. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने जातीच्या पदव्या टाकून द्यायचा ठराव केला. पेरियारांनी स्वतःच्या नावातलं 'नायकर' काढून टाकलं. आज तमिळनाडूत नावापुढे अशी पदवी क्वचितच दिसते. दरबानमध्ये मात्र ती घरोघरी आहे! घरच्यांनी जात पुसायची म्हणून जे टाकलं, ते परदेशी गेलेल्यांनी जपलं. कारण गाव सुटलं, पुढे कित्येकांची भाषाही सुटली, उरलं ते एवढंच. जातीची धारही तिथे बरीच बोथट झाली. गोवेंडरांच्या नातवाला गौंडर म्हणजे कोण, हे सांगायला आपल्यासारखा चौकस मराठी माणूसच पाहिजे.

दरबानला १९४१ साली जन्मलेल्या नवी पिल्ले २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त होत्या. ज्या नोंदवहीत माणसाआधी क्रमांक लिहीत, तिच्यातलं एक आडनाव जगभरच्या माणसांच्या हक्कांसाठी उभं राहिलं. आणि त्या आडनावाचा अर्थ काय, तर नुसतं 'लेकरू'!