गिरणीतल्या बायका आणि फॉलिकची गोळी

आम्ही मुंबईच्या उपनगरात, घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला, बचतगटांचं काम करतो. आमच्या गटांतल्या बहुतेक बायकांचं माहेर नाहीतर सासर गावाकडचं. कुणी साताऱ्याची, कुणी रत्नागिरीची, कुणी बीड-जालन्याची. म्हणून आज जे सांगणार आहोत ते शहराचं म्हणून सोडून देऊ नका.

गरोदर बाईला दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून लाल गोळी मिळते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात लोह असतं आणि फॉलिक ॲसिड असतं. लोहाचं आपल्याला माहीत आहे, रक्त वाढवायला. दुसरं नाव बऱ्याच जणी वाचतही नाहीत. त्या दुसऱ्या नावाची गोष्ट मुंबईतल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांपासून सुरू झाली. त्यातल्या कितीतरी तुमच्या-आमच्या गावांतूनच आलेल्या होत्या.

साल १९२८. त्या वर्षी गिरणगावात मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत भोंगे बंद होते. गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचात एक बाई असायची. कांड्या भरायच्या, सुताची रिळं करायची, ही खाती मुख्यतः बायकांची. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे दिवसाला ११ तासांपर्यंत काम घेता येत होतं. त्यात चाळीतली एक खोली, नळावरची रांग, चूल, आणि पोटात बाळ. तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून झोपवायचं आणि कामावर जायचं, हेही तेव्हा सर्रास चालायचं. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या आयांना नावं ठेवायला आमची जीभ वळत नाही. मूल कुणाकडे ठेवणार होत्या?

त्याच वर्षी इंग्लंडहून लुसी विल्स नावाच्या डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. शिक्षण आधी वनस्पतिशास्त्राचं, मग डॉक्टरकीचं. भारतात बायका बाळंतपणात इतक्या का मरतात याचा शोध घेण्याचं काम डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या देखरेखीखाली चाललं होतं, त्यांनी विल्सबाईंना बोलावलं. काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आजूबाजूला गिरण्याच गिरण्या. गिरणी कामगारांच्या बायकांसाठी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह परळलाच १९२६ मध्ये सुरू झालेलं होतं.

प्रश्न असा होता. काही गरोदर बायका सहाव्या-सातव्या महिन्यात एकदम पांढऱ्या पडत. धाप लागे, अन्न जाईना, आणि त्यातल्या कितीतरी बाळंतपणाच्या आसपास दगावत. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. म्हणजे हे दुखणं लोहाचं नव्हतं, निदान नुसतं लोहाचं नव्हतं.

विल्सबाईंना आधी वाटलं, पोटात काही जंतू असावेत. तसं काही सापडलं नाही. मग त्यांनी जे केलं ते आम्हाला फार आवडतं. बायका काय खातात, कशा राहतात, याची त्यांनी पाहणी केली. या पाहणीच्या शोधनिबंधावर त्यांच्या नावाबरोबर तळपदे हे नाव आहे, आणि सुरुवातीच्या अहवालावर मेहता. परकी बाई एकटीनं चाळीत जाऊन भाकरी-भाजीचा हिशोब विचारू शकली नसती, हे उघड आहे. पाहणीतून दिसलं की ज्या घरांत ताटात भाजीपाला, फळं, दूध नावापुरतं, त्या घरांतल्या बायकांत हे दुखणं जास्त. गरीब मुसलमान घरांत ते सगळ्यात जास्त आढळलं.

मग तसाच आहार उंदरांना दिला, पुढे माकडांना. जनावरांचंही रक्त उतरलं. कशानं भरून येतं ते एकेक करून पाहिलं. अ आणि क जीवनसत्त्वानं काही झालं नाही. प्राण्याचं यकृत, म्हणजे कलेजी, उपयोगी पडायची, पण ती महाग, आणि सगळ्या जणी खाणाऱ्या नव्हत्या. शेवटी हाती लागलं ते मार्माइट. बिअर बनवताना खाली राहणाऱ्या यीस्टचा हा काळपट, खारट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. स्वस्त होता. आजारी बायकांना तो दिला, तर थोड्याच दिवसांत भूक परत आली आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. चाळीतल्या ज्या बायकांनी तो खारट अर्क विश्वासानं खाल्ला, त्यांची नावं कुणाच्या ओठी नाहीत. आम्हाला हे खटकतं, म्हणून बोललो.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून हेच द्रव्य चिमूटभर वेगळं काढलं. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. ते कारखान्यात बनवण्याची रीत ज्यांनी शोधली त्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख आपल्याकडचे, आंध्रचे, येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट, कारण ती सोडली तर हिशोब अर्धा राहील. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक चर्चेला होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. खर्च खरं तर सरकारनं उचलावा, पण जो मालक बाईच्या कामावर नफा कमावतो त्याच्यावरही जबाबदारी येतेच, असंही त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. एकीकडे प्रयोगशाळेत बायकांच्या रक्ताचा शोध, दुसरीकडे त्यांच्या विश्रांतीसाठी कायदा, आणि दोन्ही एकाच शहरात, एकाच दोन-तीन वर्षांत. शाळेच्या पुस्तकात आम्हाला यातलं काहीच नव्हतं.

मधली बरीच वर्षं आम्ही उडी मारून जातो. १९९१ मध्ये सात देशांत मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ज्या बायकांचं आधीचं मूल मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या व्यंगाचं होतं, त्यांना दिवस राहण्याआधीपासून फॉलिक दिलं, तर पुन्हा तसं होणं ७२ टक्क्यांनी कमी झालं. इथे शब्द नीट ऐका, ‘दिवस राहण्याआधीपासून’. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ धरल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना पत्ताच नसतो.

आपल्या रीती बघा. ओटीभरण, डोहाळजेवण सातव्या महिन्यात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर बाळंतपण झाल्यावर. त्या चांगल्याच आहेत, आम्हीही हौसेनं करतो. पण पहिल्या महिन्यात, आणि त्याच्या आधी, सुनेच्या ताटाकडे कुणाचं लक्ष असतं? उलट ‘कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल’ असं सांगणाऱ्या आजही आहेत. आमच्या बैठकांत हे अजून ऐकू येतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. ज्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं अंगानं बरी भरत. हाच धागा धरून मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये झोपडवस्त्यांत काम सुरू केलं. मूल हवं असलेल्या ६,५१३ बायका त्यात होत्या. रोज केंद्रावर येऊन ताजा नाश्ता खायचा, समोसा-भज्यासारखाच. निम्म्या जणींच्या नाश्त्यात पालेभाजी, फळ, दूध. बाकीच्यांच्या नाश्त्यात बटाटा-कांद्यासारखं. दिवस राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत.

निकाल सरळ नव्हता, आणि तो तसाच सांगायला हवा. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी तीन महिने तरी नाश्ता खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती. ज्या अंगानं बऱ्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. ज्या अगदी किडकिडीत त्यांना नाही. आमचा अंदाज असा, की पोटच पूर्ण भरत नसेल तर एका समोशातली मेथी कुठे पुरणार? आणखी एक. गरोदरपणात होणारा मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. हे पालेभाजी, फळ आणि दुधाच्या नाश्त्यानं केलं.

तेव्हा ज्यांना मूल हवं आहे, किंवा जिची तांबी काढायची ठरली आहे, तिनं त्याच दिवशी आशाताईंना फॉलिकच्या गोळीबद्दल विचारावं. फॉलिक रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीपासून आणि पहिले तीन महिने. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची लाल गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. आधीचं मूल कण्याच्या व्यंगाचं असेल तर मात्र डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. लाल गोळीनं शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून गोळ्या फडताळात टाकू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. वर लगेच चहा नको, लिंबू पिळलेलं काही चालेल.

ताटात मेथी, पालक, माठ, शेपू, चवळी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, हरभरा. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि फार वेळ उकळून पाणी फेकू नका. फॉलिक त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. नुसत्या पाल्यावरही भागत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे यांतून येतं. पुण्याच्याच अभ्यासात दिसलं की आईच्या रक्तात फॉलिक भरपूर आणि ब-१२ कमी असेल, तर मुलांत पुढे मधुमेहाकडे झुकणारी लक्षणं जास्त होती. शाकाहारी घरांनी वाटीभर दही सुनेच्या ताटातही जातं का ते पाहावं.

आणि दिवस राहत नसतील तर तपासणी दोघांची करायची. नवऱ्याची तपासणी सोपी असते, सुई नाही, चिरफाड नाही. तरी आमच्याकडे वर्षानुवर्षं बाईलाच देव-देवर्षी दाखवत फिरवतात. तपासणीला जाताना दोघांनी एकाच दिवशी जा, आणि त्याच फेरीत हिमोग्लोबिनही बघून घ्या. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात, आणि ७ च्या खाली असेल तर गोळीवर थांबायचं नाही, लगेच मोठा दवाखाना गाठायचा.